खोबरं चालत नाही, पॉवर बँक चालते

ताई अमेरिकेला लेकाकडे निघाली की तिच्या बॅगा भरणं हा आमच्या घरात आठवडाभर चालणारा सोहळा असतो. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सांडगी मिरच्या, आणि तिकडे चांगलं मिळतच नाही अशी तिची ठाम समजूत असलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. एका खेपेला मुंबई विमानतळावर त्या वाट्यांनीच घोळ घातला. बॅग यंत्रातून गेली, अडकली, ताईला बोलावणं आलं, आणि हातमोजे घातलेल्या एका पोरगेल्या माणसाने भाजणीच्या पिशव्यांमधून खोबरं उपसून काढलं. "हे चालत नाही, काकू." खोबऱ्याने आजवर किती विमानं पाडली, असं ताईने त्याला तिथेच विचारलं. तो काय सांगणार बिचारा! त्याच बॅगेच्या तळाशी एक पॉवर बँकही निघाली होती. ती मात्र त्याने अदबीने ताईच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही मोठ्या बॅगेत नको, हँडबॅगेत ठेवा. तुमच्याजवळ."

ताई आजही हा किस्सा सांगताना आवाज चढवते. खोबऱ्याच्या बाबतीत नियम बरोबर आहे, हे तिला पटवण्याचा नाद मी सोडला आहे. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं. त्या तेलाची हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू प्रक्रिया होत राहते आणि तीतून उष्णता निघते. दोन वाट्यांचं काही होत नाही, पण पोत्यांच्या थप्पीत ती उष्णता आतच कोंडते. म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत खोबरं 'आपोआप तापणाऱ्या' पदार्थांत मोडतं. ताईच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मात्र मला बरेच दिवस टोचत राहिला. आपोआप तापण्याची भीती म्हणून खोबरं बाहेर, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी जोरात तापू शकणारी वस्तू आत, आणि तीही माणसांच्या मांडीवर? हे कसं काय?

उत्तर घरातच होतं. ताईची धाकटी मुलगी, माझी भाची, केबिन क्रू आहे. तिच्या भाषेत प्रवासी म्हणजे 'पॅक्स', डोक्यावरचे सामानाचे कप्पे म्हणजे 'हॅट-रॅक', आणि विमानाचं पोट म्हणजे 'होल्ड'. मी विचारल्यावर तिने पोहे खाता खाताच सांगितलं, "मावशी, होल्डमध्ये पेटलं तर मी तिथे जाऊ शकत नाही. डोक्यावर पेटलं तर दहा पावलांत पोचते. एवढंच आहे."

एवढंच आहे खरं, पण हे एवढंसं शिकायला विमान वाहतुकीला बरीच किंमत मोजावी लागली. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचं एक मालवाहू बोइंग ७४७ दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघालं. मालात लिथियम बॅटऱ्यांची, म्हणजे फोन आणि पॉवर बँकेत असतात तशा बॅटऱ्यांची, खोकी होती. उड्डाणानंतर वीस-बावीस मिनिटांत आगीचा इशारा वाजला. विमान दुबईकडे वळवलं, पण कॉकपिटमध्ये इतका दाट धूर भरला की समोरची उपकरणं दिसेनात. कॅप्टनच्या मास्कचा ऑक्सिजन बंद पडला. तो जागेवरून उठला तो परत आला नाही. सहवैमानिक एकटा, आंधळेपणाने, दुसऱ्या विमानांच्या वैमानिकांकडून आपली उंची आणि दिशा समजून घेत विमान उडवत राहिला. दोघेही गेले. प्रवासी विमानाच्या होल्डमधून अशा बॅटऱ्या नुसत्या माल म्हणून न्यायला जगभर बंदी आली ती १ एप्रिल २०१६ पासून.

होल्डमध्ये आग विझवण्याची सोय नसते असं नाही. हॅलॉन नावाचा वायू तिथे सोडता येतो आणि कापड, कागद, लाकूड यांच्या आगीवर तो उत्तम चालतो. पण २०१७ साली अमेरिकेने काही देशांतून येणाऱ्या विमानांत लॅपटॉप केबिनमधून काढून होल्डमध्ये टाकायला लावले, तेव्हा एफएए, म्हणजे त्यांच्या विमान वाहतूक प्रशासनाने, एक साधा प्रयोग करून पाहिला. कपड्यांनी भरलेली सुटकेस, आत एक लॅपटॉप, त्याच्या बॅटरीला लावलेला हीटर, आणि शेजारी केसांना मारायच्या ड्राय शाम्पूचा एक फवाऱ्याचा डबा. चाळीस सेकंदांच्या आत तो डबा फुटला. हॅलॉन पुरेसा पसरायच्या आधीच स्फोट होऊन गेलेला असेल, असा निष्कर्ष निघाला. ज्या बाईच्या बॅगेत लॅपटॉप आहे, तिच्या बॅगेत केसांचा फवारा असणारच नाही, असं कोण म्हणेल?

म्हणजे केबिनमध्ये पॉवर बँक चालते ती निरुपद्रवी म्हणून नव्हे. ती धोकादायक आहे म्हणूनच माणसांत बसवलेली आहे. या नियमाकडे असं पाहायला लागल्यापासून मला बोर्डिंगच्या रांगेतली माणसं जरा वेगळी दिसू लागली आहेत. प्रत्येकाच्या खिशात एकेक छोटी जोखीम, आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं कामही बहुतेक त्याच्याच गळ्यात, त्याला न सांगता घातलेलं.

ही बॅटरी आतून असते तरी कशी, ते मी पाहिलं आमच्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत. बुधवार पेठेतल्या या गल्लीत वायरीपासून वीजमीटरपर्यंत सगळं मिळतं आणि दुरुस्तीवालेही बसतात. माझ्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटायला लागलं होतं. दुरुस्तीवाल्याने प्लास्टिकच्या पातळ पट्टीने ती हळूच सोडवली, धातूची पट्टी मुद्दाम बाजूला ठेवून. चंदेरी पाकीट, पापडासारखं टम्म फुगलेलं. मी बोट लावणार तेवढ्यात तो म्हणाला, "दाबू नका मॅडम. आणि टोचायचं तर नाहीच." पाकिटाच्या कडेला एक बारीक चीर गेली होती आणि तिथून गोडसर, नेलपॉलिशच्या रिमूव्हरसारखा वास येत होता. तो वास आतल्या द्रवाचा. तो द्रव ज्वालाग्राही असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या पाकिटात तांब्याची आणि ॲल्युमिनियमची अतिशय पातळ पत्रं असतात, त्यांच्यावर रसायनांचा लेप असतो, आणि दोन्हींच्या मधे प्लास्टिकचा एक सच्छिद्र पडदा. हा पडदा केसापेक्षाही पातळ असतो. सगळा संसार या पडद्यावर चालतो. तो फाटला, कुठे चुरगळला, बनवतानाच त्यात धातूचा कण राहिला, किंवा चार्जिंग करताना आत लिथियमचे काटे वाढून त्याच्यात घुसले, की आतल्या आत शॉर्ट. मग तो भाग तापतो. साधारण ऐंशी-नव्वद अंशांच्या पुढे आतली रसायनं स्वतःच तुटायला आणि आणखी उष्णता द्यायला लागतात. सव्वाशे-दीडशेच्या आसपास पडदा वितळतो. त्यापुढे बॅटरीतल्या एका बाजूच्या लेपातून चक्क ऑक्सिजन सुटतो. म्हणजे जळायला द्रव आतलाच, जाळायला उष्णता आतलीच, आणि प्राणवायूही घरचाच. ज्वाळेवर घोंगडं टाकून ती गुदमरवायची, ही आपल्याला शिकवलेली युक्ती इथे लागू पडत नाही. उलट घोंगड्याने उष्णता आत कोंडते.

आणि एक सेल, म्हणजे असं एकेक पाकीट किंवा नळकांडं, गेला की शेजारचा. लॅपटॉपच्या किंवा मोठ्या पॉवर बँकेच्या पोटात असे अनेक सेल शेजारी शेजारी असतात आणि लवंगी माळेसारखे ते एकामागून एक पेट घेतात. फरक इतकाच की माळ सलग वाजते. इथे मधे बराच वेळ काहीच होत नाही. विझलं म्हणून सुस्कारा टाकावा, आणि मग पुढचा फुटावा. भाची म्हणते, ट्रेनिंगमध्ये हेच परत परत बजावतात. ज्वाळा गेली म्हणजे आग गेली असं समजायचं नाही.

आता तिच्या कामाकडे येते, कारण मला खरं सांगायचंय ते तेच.

२३ सप्टेंबर २०१६. सिंगापूरहून चेन्नईला येणारं इंडिगोचं विमान. प्रवाशांना धुराचा वास आला, त्यांनी क्रूला सांगितलं. क्रूने पाहिलं तर २३सी या सीटच्या वरच्या हॅट-रॅकमधून बारीक धूर येत होता. त्यांनी कॅप्टनला कळवलं, आसपासच्या प्रवाशांना दुसरीकडे बसवलं, कप्पा तपासला. आत ठेवलेल्या एका बॅगेतला सॅमसंग नोट २ धुमसत होता. अग्निशामक मारला, मग फोन उचलून टॉयलेटमध्ये पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवला. विमान चेन्नईला नेहमीसारखं उतरलं. सॅमसंगचाच त्या वर्षी आलेला नोट ७ जगभर पेट घेत होता, आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात तो विमानात आणायलाच बंदी केली. त्या गदारोळात ही चेन्नईची बातमी दोन दिवस चालली आणि विसरली गेली. विसरली गेली, कारण काहीच झालं नाही. आणि काहीच झालं नाही, कारण चार जणींनी सगळं बिनचूक केलं.

त्या 'सगळ्या'त काय काय येतं ते ऐकायला मी भाचीला एका संध्याकाळी बसवून घेतलं. पहिला नियम असा की जिला आग दिसते ती जागा सोडत नाही. तीच आग विझवणारी. ती ओरडून किंवा खुणेने दुसरीला बोलावते. दुसरी इंटरकॉमवरून कॅप्टनला सांगते: कुठे, काय, किती धूर, कोणत्या रंगाचा, काय चाललंय. आणि सांगून झालं की फोन ठेवून देत नाही, कारण कॉकपिटचं दार बंद असतं आणि मागे काय चाललंय याचे कॅप्टनचे डोळे म्हणजे ती. तिसरी जास्तीचे अग्निशामक, पाणी, हातमोजे आणून देते आणि प्रवाशांना हलवते. चौथी उरलेल्या केबिनवर लक्ष ठेवते, कारण घाबरलेली माणसं एका बाजूला धावली तर ती वेगळीच आपत्ती.

कप्पा बंद असेल तर तो धाडकन उघडायचा नाही. आधी हाताच्या मागच्या बाजूने तापमान बघायचं. तळहाताने नाही, कारण तो भाजला तर पुढचं काम कशाने करणार? मग फट होईल इतकंच उघडून नळी आत घालायची, हॅलॉन सोडायचा, कप्पा लावून घ्यायचा. डोक्यावर पीबीई, म्हणजे धुरात श्वास घेता यावा म्हणून घालायचा टोप. तो साधारण पंधरा मिनिटं चालतो. "त्यात स्वतःचाच श्वास एवढा मोठा ऐकू येतो ना मावशी, की दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. ट्रेनिंगच्या नकली केबिनमध्ये खोटा धूर सोडतात. तो निरुपद्रवी असतो हे माहीत असूनही पहिल्या वेळी तिला गुडघ्यावर बसायला लागलं होतं, असं तिने हसत सांगितलं.

हॅलॉनने ज्वाळा मरते, पण बॅटरी गार होत नाही. म्हणून दुसरा अंक पाण्याचा. आणि इथे शिकलेल्या माणसांचाही गोंधळ होतो. शाळेत सोडियमचा तुकडा पाण्यात टाकल्यावर काय होतं ते आपण पाहिलेलं असतं, लिथियम त्याच घराण्यातला. मग पाणी ओतल्यावर भडका नाही का उडणार? फोनच्या बॅटरीत लिथियम धातूच्या गोळ्यासारखा नसतो, संयुगांत आणि द्रवात विरलेला असतो. तिथे पाणी हे सगळ्यांत चांगलं औषध. भरपूर पाणी, बाटलीमागून बाटली. ट्रॉलीतला ज्यूस, सोडा, कोला, जे हाती लागेल ते, दारू सोडून. पण बर्फ नाही. हे मला पटेना. गार करायचं तर बर्फ का नको? तर बर्फाचे खडे बॅटरीभोवती साचून राहतात आणि आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. पाणी वाहतं, वाहताना उष्णता घेऊन जातं.

मग वाट पाहायची. ताबडतोब हात लावायचा नाही, कारण शेजारचा सेल कधी फुटेल सांगता येत नाही. बराच वेळ धूर नाही, आवाज नाही, अशी खात्री झाली की ती वस्तू हातमोज्यांनी उचलून पाण्याच्या भांड्यात बुडवायची. भांडं म्हणजे काय असेल ते, गॅलीतला, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातला, रिकामा डबा किंवा टॉयलेटमधला कचऱ्याचा डबा. आणि विमान उतरेपर्यंत एकीने तिथून हलायचं नाही.

एक गोष्ट तिने सांगितली ती मला वर्षानुवर्षं विमानात बसूनही माहीत नव्हती. केबिनमध्ये धूर झाला तर ऑक्सिजनचे मास्क खाली पाडत नाहीत. प्रवासी हमखास ओरडतात, मास्क का देत नाही म्हणून. पण त्या पिवळ्या मास्कमध्ये केबिनमधलीच हवा मिसळते, म्हणजे धूर नाकात जाणारच, आणि वर आगीला ऑक्सिजन पुरवल्यासारखं होणार. मास्क हवेचा दाब गेला तर उपयोगी. धुरात उपयोगी पडतो तो ओला रुमाल आणि मान खाली घालून बसणं. ही साधी माहिती सुरुवातीच्या प्रात्यक्षिकात कुणीच का देत नाही, हे मला कोडं आहे. सीटबेल्ट कसा लावायचा हे मात्र दर खेपेला शिकवतात.

ही लढाई फोनपुरतीच नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये बीजिंगहून मेलबर्नला जाणाऱ्या विमानात एक बाई कानाला हेडफोन लावून झोपली होती. मोठा आवाज झाला, चेहरा भाजला, तिने हेडफोन ओढून जमिनीवर फेकले. ते ठिणग्या टाकत होते. क्रूने बादलीभर पाणी ओतलं. बॅटरी आणि तिचं झाकण वितळून जमिनीला चिकटलं, आणि उरलेला प्रवास सगळ्यांनी जळक्या केसांच्या आणि प्लास्टिकच्या वासात खोकत केला. त्याच्या आदल्या वर्षी सिडनीहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या क्वांटासच्या विमानात फोन सीटच्या फटीत पडला आणि सीट हलवताना यंत्रात चिरडून पेटला. म्हणून हल्ली सांगतात, फोन सीटमध्ये पडला तर सीट हलवू नका, आम्हाला बोलवा. पण आपला स्वभाव कसा? आधी सीट पुढे, मागे, मग हात घालून चाचपायचं, आणि फोन चिरडला की मग बेल वाजवायची.

विमानंसुद्धा स्वतःच्या बॅटऱ्यांनी पोळली आहेत. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टनला उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ ची बॅटरी पेटली, काही दिवसांत ऑल निप्पॉनच्या ७८७ ला ताकामात्सूला तातडीने उतरावं लागलं, आणि जगभरची सगळी ७८७ जमिनीवर बसली. त्यात एअर इंडियाचीही होती. बोइंगने मग त्या बॅटरीला पोलादी पेटीत बंद केलं आणि धूर थेट विमानाबाहेर सोडणारी नळी जोडली. पुन्हा पेटली तरी आतल्या आत जळून जाऊ दे, असा हिशेब. प्रवाशांच्या पॉवर बँकांना अशी पेटी कोण देणार?

याचं उत्तर २८ जानेवारी २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियात मिळालं. बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं एअरबस ए३२१ हाँगकाँगला निघायच्या बेतात होतं. निघायला उशीर झाला होता. मागच्या भागातल्या हॅट-रॅकमधून धूर आणि मग ज्वाळा दिसल्या. आत १७६ माणसं, पंखांत इंधन भरलेलं. काही दारं प्रवाशांनीच उघडली, सगळे घसरगुंड्यांवरून खाली उतरले, जीव सगळ्यांचे वाचले. विमानाचं छत मात्र आरपार जळून गेलं. वरून काढलेले फोटो पाहिले तर उघड्या हाडासारखा सांगाडा दिसतो. तपास करणाऱ्यांनी पुढे सांगितलं की कारण बहुधा कप्प्यातली पॉवर बँक, तिच्या आतलं वेष्टन निकामी झालेलं.

वेळेवर निघालं असतं तर ते त्या क्षणी हवेत असतं. उशिराबद्दल एरवी आपण विमान कंपन्यांना शिव्या घालतो.

त्यानंतर नियमांची रीघ लागली. कोरियाने १ मार्चपासून पॉवर बँका हॅट-रॅकमध्ये ठेवायला मनाई केली, त्या अंगावर किंवा नजरेसमोर हव्यात म्हणून सांगितलं. थाई आणि सिंगापूर एअरलाइन्सने उड्डाणात त्या वापरायलाच बंदी घातली. चीनने देशांतर्गत विमानांत प्रमाणपत्राचा शिक्का नसलेल्या पॉवर बँका नाकारल्या. एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून माणशी एकच, तीही न वापरता. तरी ऑक्टोबरमध्ये हांगझोहून सोलला निघालेल्या एअर चायनाच्या विमानात हॅट-रॅकमधल्या सामानातली बॅटरी पेटली आणि विमान शांघायला उतरवावं लागलं. दुसऱ्याच दिवशी, १९ तारखेला, दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात, धावपट्टीकडे जातानाच, पुढच्या सीटच्या खिशात ठेवलेल्या पॉवर बँकेने पेट घेतला. क्रूने विझवली, विमान मागे फिरलं. आपल्या डीजीसीएनेही, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही, मग परिपत्रक काढलं. पॉवर बँक हातातल्या सामानातच, पण हॅट-रॅकमध्ये नको, आणि विमानातल्या सॉकेटला लावून चार्ज करायची नाही.

या दोन घटना मी शेजारी शेजारी ठेवून बघते. एकीत बॅटरी कप्प्यात, बॅगेत, कपड्यांच्या घडीत, कुणालाच न दिसणारी. दुसरीत सीटच्या खिशात, गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर. दुसरी जास्त भयानक वाटते, कारण आग मांडीजवळ. पण जिथे ती लगेच दिसते तिथे पाण्याची बाटलीही लगेच पोचते. ताईला विमानतळावरच्या त्या मुलाने "तुमच्याजवळ" म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ हा होता. फक्त 'का' ते त्याने सांगितलं नाही, आणि कुणीच सांगत नाही. क्रू एका विमानात चौघी, प्रवासी पावणेदोनशे. उरलेल्या डोळ्यांवर राखणीचं काम सोपवलंय, तर निदान त्या डोळ्यांना कळेल अशा भाषेत तरी बोला! पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या विमानात आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत, दोन्ही एका दमात, घोकलेलं स्तोत्र म्हटल्यासारखं सांगितलं जातं. माझ्या शेजारी बसलेले आजोबा तेव्हा पेपर वाचत असतात, आणि त्यांच्या नातवाने दिलेली पॉवर बँक वरच्या बॅगेत, स्वेटरच्या आत.

आकड्यांचं म्हणाल तर बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॉट-तासांत मोजतात, आणि १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवाना चालते. १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. वीस हजार एमएएच लिहिलेली पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे चालते. अर्थात लिहिलेलं खरं असेल तर. तपकीर गल्लीतल्या माझ्या दुरुस्तीवाल्याने एक फुटपाथी पॉवर बँक उघडून दाखवली होती. बाहेर दणदणीत आकडा, आत कुठल्या तरी जुन्या लॅपटॉपमधून काढलेले दोन सेल, आणि वजन भरावं म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. विमानतळावर त्या आकड्यावर विश्वास ठेवून ती सोडतात, दुसरं करणार तरी काय?

फुगलेल्या बॅटऱ्यांचं करायचं काय, हा प्रश्न मी त्या दुरुस्तीवाल्यालाही विचारला. तो म्हणाला, घंटागाडीत टाकू नका, गाडीत दाबल्या जातात आणि कचरा पेटतो. टोकांना चिकटपट्टी लावा, इतर कचऱ्यात मिसळू नका, ई-कचरा घेणाऱ्यांना द्या. आमच्या सोसायटीत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या बायका येतात, त्यांच्यामार्फत ते जमतं. म्हणून मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, कुणाकडे फुगलेली पॉवर बँक किंवा बॅटरी असेल तर रविवारी एकत्र देऊ. दोन अंगठे आले, एक गुड मॉर्निंगचं फूल आलं. मग एका काकांचं उत्तर आलं: आमची जरा फुगली आहे, पण चालते अजून, टाकवत नाही, मुलगा आज रात्रीच्या विमानाने दुबईला नेतोय. फ्लॅट नंबर कोणता ते विचारलं आणि पायात चपला घातल्या.